शाळेतील इलेक्ट्रॉनिक्सचे कृतिवर्ग : अटल टिंकरिंग लॅबच्या निमित्ताने एक समीक्षा

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी करता याव्यात, अशी अपेक्षा आहे :
• भारतातील शालेय कृतिशिक्षणाच्या परंपरेत अटल टिंकरिंग लॅबचे स्थान सांगणे.
• एखाद्या कृतीतून नेमके काय शिकले जाते आणि काय निसटते, हे तपासणे.
• कृतिवर्गाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे, याबाबत स्वतःचे मत मांडणे.

१. प्रस्तावना

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला मी दरवर्षी एक साधे काम देतो. दीड व्होल्टचा एक सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब आणि वायरचा एकच तुकडा. होल्डर नाही, दुसरी वायर नाही. बल्ब पेटवून दाखवा.

बहुतेक जण वायरचे एक टोक सेलच्या वरच्या टोपीला लावतात, दुसरे बल्बच्या बुडाला टेकवतात आणि वाट पाहतात. बल्ब पेटत नाही. मग सेल संपला असेल, बल्ब गेला असेल, अशा शंका निघतात. बल्बला दोन जोडबिंदू असतात, एक बुडाशी आणि दुसरा धातूच्या कडेला, आणि विद्युतधारेला एकातून आत जाऊन दुसऱ्यातून बाहेर पडावे लागते, हे लक्षात यायला पंधरा-वीस मिनिटे जातात. एका वर्षी या गटात एक मुलगा असा होता, की ज्याने शाळेत असताना अडथळा टाळणारी गाडी तयार करून जिल्हा पातळीवर बक्षीस मिळवले होते. त्यालाही बल्ब पेटवता आला नाही. तो ओशाळला आणि म्हणाला, "सर, गाडी खरंच मीच जोडली होती."

तो खोटे बोलत नव्हता. गाडी त्यानेच जोडली होती. म्हणूनच त्याचे उदाहरण विचार करायला लावणारे आहे. अशी वेळ त्याच्या एकट्यावर आलेली नाही. 'माइंड्स ऑफ अवर ओन' या १९९७ च्या अमेरिकी माहितीपटात एमआयटीच्या ताज्या पदवीधरांना हेच काम दिलेले दिसते, आणि तिथेही अनेकांची हीच गत होते. तेव्हा दोष मुलाचा नाही, शाळेचा किंवा देशाचाही म्हणता येणार नाही. प्रश्न असा आहे : हाताने काम केल्यावर समज आपोआप येते, हे गृहीतक कितपत खरे आहे? शालेय इलेक्ट्रॉनिक्सच्या कृतिवर्गांवर आज देशात मोठा खर्च होत आहे. त्यामुळे हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

२. पार्श्वभूमी : जुनाच विचार, नवे साहित्य

कृतीतून शिक्षण ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. १९३७ मध्ये वर्धा येथे झालेल्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची मांडणी झाली. त्यात हस्तव्यवसाय हा वेगळा विषय नव्हता, तर इतर विषय शिकण्याचे माध्यम होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य ही संज्ञा आणली. प्रत्यक्षात अनेक शाळांमध्ये त्याची जागा कागदी फुले आणि पायपुसण्यांनी घेतली, हे त्या पिढीतील कोणीही सांगेल.

याच काळात दोन प्रयोग गांभीर्याने चालले. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांपासून होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम स्थापन केला. या दोहोंकडे आपण पुढे वळणार आहोत.

अटल टिंकरिंग लॅब ही या परंपरेतील सर्वांत अलीकडची आणि आकाराने सर्वांत मोठी योजना होय. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनअंतर्गत ती २०१६ मध्ये सुरू झाली. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते : दहा लाख उभारणीसाठी आणि उरलेले जास्तीत जास्त पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी. देशभरात सुमारे दहा हजार लॅब उभ्या राहिल्या आहेत. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी पन्नास हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. म्हणजे योजनेचा पहिला टप्पा तपासून पाहण्याची हीच वेळ आहे.

लॅबच्या साहित्यात इलेक्ट्रॉनिक्स, रोबोटिक्स आणि सेन्सर, त्रिमितीय प्रिंटर, हातहत्यारे व मापन उपकरणे, वीजपुरवठा व सुरक्षासाधने असे गट आहेत. ही यादी विचारपूर्वक केलेली आहे. त्यात मल्टिमीटर आणि सोल्डरिंगची साधने आहेत, आणि केवळ चकचकीत वस्तूंची खरेदी झाली असा आरोप यादीवर करता येणार नाही. प्रस्तुत समीक्षेचा रोख यादीवर नसून, या साहित्याने वर्गात प्रत्यक्ष जे घडते त्यावर आहे.

३. एका कृतीचे बारकाईने वाचन

विज्ञान प्रदर्शनात हमखास दिसणारी कृती घेऊ : अंधार पडताच आपोआप पेटणारा रस्त्यावरील दिवा. यात एलडीआर म्हणजे प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक वापरतात. उजेडात त्याचा रोध एक-दोन किलोओहम इतका कमी असतो, अंधारात तो शंभर किलोओहम किंवा त्याहून बराच जास्त होतो. ही कृती दोन प्रकारे करता येते.

पहिला प्रकार ट्रान्झिस्टरचा. पाच व्होल्टच्या पुरवठ्यापासून शंभर किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या खाली एलडीआर, आणि दोघांच्या मधल्या बिंदूला बीसी ५४७ या ट्रान्झिस्टरचा बेस. कलेक्टरला रेझिस्टरसह एलईडी. उजेडात मधल्या बिंदूवर एक दशांश व्होल्टहून कमी विभवांतर असते, ट्रान्झिस्टर बंद राहतो. अंधारात ते वाढते, ट्रान्झिस्टर सुरू होतो आणि एलईडी पेटतो.

आता मल्टिमीटर घ्या. अंधारात एलडीआरचा रोध शंभर किलोओहम झाला असे मानू. दोन्ही रोध समान, म्हणून मधल्या बिंदूवर अडीच व्होल्ट मिळायला हवेत. बेस जोडलेला असताना मोजले तर मीटर दाखवतो सुमारे ०.७ व्होल्ट. बेसची वायर उपसून पुन्हा मोजले तर अडीच व्होल्ट. वायर परत लावली की पुन्हा ०.७.

मुले इथे थांबतात. "मीटर बिघडलाय का?" हा पहिला प्रश्न असतो. दुसरा प्रश्न, नशिबाने कोणी विचारलाच तर, असा असतो : "जोडल्याने विभवांतर कमी कसं झालं?" इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षाचा निम्मा अभ्यासक्रम या एका प्रश्नात आहे. बेस धारा घेतो, म्हणून विभाजकावर भार पडतो. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये डायोडसारखी संधी आहे, म्हणून विभवांतर ०.७ च्या आसपास अडकते. मोजायला आणि जोडायला गेलो की परिपथ बदलतो, ही जाणीव पुस्तकातून येणे कठीण, पण वायर उपसून पुन्हा लावताना ती दोन मिनिटांत येते.

दुसरा प्रकार आर्डुइनोचा. इटलीतील इव्रिया येथे २००५ मध्ये जन्मलेले हे मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड आता जगभरच्या शाळांमध्ये पोहोचले आहे. इथे रेझिस्टर आणि एलडीआरचा तोच विभाजक असतो, पण मधला बिंदू बोर्डाच्या पिनेला जोडतात. बोर्ड शून्य ते पाच व्होल्टचे रूपांतर शून्य ते १०२३ या आकड्यांत करते. आकडा ५०० च्या पलीकडे गेला की एलईडी लावायचा, अशी एक ओळ प्रोग्राममध्ये लिहितात. प्रोग्राम तयार मिळतो. कृती पहिल्याच तासाला यशस्वी होते.

ती पिन जवळजवळ काहीच धारा घेत नाही. त्यामुळे विभाजकावर भार पडत नाही आणि वरचा प्रश्न उभाच राहत नाही. हे बोर्डाचे अभियांत्रिकी यश आहे. वर्गाच्या दृष्टीने मात्र, जिथे अडखळून शिकायचे ती पायरीच काढून टाकलेली आहे. बक्षीस मिळवणाऱ्या त्या मुलाच्या गाडीत नेमके हेच झाले असावे. प्रत्येक भाग दुसऱ्यात सहज बसत होता, आणि सहज बसत असल्यामुळेच धारा कुठून कुठे जाते हे विचारण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नाही.

याचा अर्थ आर्डुइनो टाकाऊ आहे असा नाही. त्याच कृतीत त्याचा स्वतःचा धडा दडलेला आहे. पेटलेल्या एलईडीचा उजेड एलडीआरवर पडेल असे दोन्ही घटक जवळ ठेवून पाहा. एलईडी पेटला की एलडीआरला दिवस उजाडल्यासारखे वाटते, म्हणून एलईडी विझतो. विझला की अंधार, म्हणून पुन्हा पेटतो. आर्डुइनोच्या परिपथात दिवा फडफडू लागतो. ट्रान्झिस्टरच्या परिपथात मात्र तो बहुधा मध्येच कुठेतरी मंद उजेडावर स्थिरावतो. एकात फक्त चालू आणि बंद, दुसऱ्यात मधल्या सर्व पायऱ्या. दोन्ही परिपथ शेजारी ठेवून 'हा फडफडतो आणि तो का नाही?' असे विचारले, तर पुनःप्रदाय ही संकल्पना दहावीच्या मुलालाही गवसते. फडफड थांबवायला एलडीआरला आडोसा करायचा की पेटण्यासाठी एक आणि विझण्यासाठी दुसरा असे दोन आकडे वापरायचे, हा पुढचा प्रश्न.

थोडक्यात, साहित्य तेच, कृतीही तीच. शिकणे ठरते ते प्रश्नावर, आणि प्रश्न किटच्या खोक्यात येत नाही.

४. टीकेचे मुद्दे

४.१ यशस्वी कृतीचा अतिरेक

वर्गातील कृतिपत्रिका बहुधा अशा लिहिलेल्या असतात, की पायऱ्या पाळल्या तर कृती फसू नये. शिक्षकाला हे सोयीचे असते. पण विजेच्या बाबतीत मुलांच्या मनातील कल्पना फार चिवट असतात. न्यूझीलंडचे संशोधक रॉजर ऑसबर्न यांनी १९८० च्या दशकात त्यांची नोंद केली : एकच वायर पुरते, दोन्ही टोकांकडून धारा येऊन बल्बमध्ये आदळते, बल्ब धारा खाऊन टाकतो आणि उरलेली परत जाते. या चुकीच्या कल्पना बाळगूनही कृतिपत्रिकेतला परिपथ जोडता येतो आणि दिवा पेटतो. म्हणजे कृती यशस्वी झाल्याने चुकीची कल्पना दुरुस्त तर होत नाहीच, उलट ती पक्की होऊ शकते. बल्बच्या अलीकडे आणि पलीकडे धारा किती असेल, याचा अंदाज आधी वहीत लिहून घेतला आणि मग मोजले, तरच कल्पना आणि वास्तव समोरासमोर येतात.

४.२ मोडण्याची परवानगी

एका शाळेत मी लॅब पाहायला गेलो होतो. शाळेचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण अशा शाळा अनेक आहेत. मल्टिमीटर कपाटात, प्लास्टिकच्या मूळ पिशवीत होते. शिक्षिकेने प्रामाणिकपणे कारण सांगितले : "डेडस्टॉक रजिस्टरवर माझी सही आहे. एक जरी बिघडला तर लिहून द्यावं लागतं." मल्टिमीटर शिकताना प्रत्येक जण एकदा तरी धारा मोजण्याच्या जोडणीत तो थेट सेलला समांतर लावतो आणि आतला फ्यूज उडवतो. धारा मोजताना मीटर मार्गात घालावा लागतो, हे त्या फ्यूजने जितके चांगले शिकवले जाते तितके कोणत्याही आकृतीने नाही. फ्यूजची किंमत किरकोळ असते. पण तो कोणत्या खात्यातून आणायचा हे ठरलेले नसेल, तर मीटर कपाटातच राहतो. शिक्षिकेला दोष देणे अन्यायाचे होईल. वस्तू जपण्यासाठी केलेली नोंदपद्धती आणि वस्तू वापरून झिजवण्यासाठी उभारलेली लॅब यांचा मेळ घालणे हे योजनेचे काम आहे.

४.३ प्रदर्शन हेच मूल्यमापन

लॅबमधील काम बोर्डाच्या परीक्षेत येत नाही. त्यामुळे त्याचे मोजमाप स्पर्धा आणि प्रदर्शने यांतून होते. प्रदर्शनात चालणारी वस्तू लागते, न चाललेल्या परिपथाची नोंदवही कोणी पाहत नाही. परिणामी नवनिर्मितीच्या नावाखाली तीच चार-पाच उपकरणे फिरत राहतात : स्मार्ट कचरापेटी, अंधांसाठी काठी, झाडांना पाणी देणारे यंत्र. कल्पना वाईट नाहीत. पण झाडाला पाणी देणारे यंत्र करणाऱ्याने मातीतील ओलावा मोजणारी पट्टी काही आठवड्यांत गंजते हे पाहिले आहे का? ते पाहायला यंत्र प्रदर्शनानंतरही कुंडीत राहावे लागते.

४.४ हात कोणाचे?

एका संचाभोवती पाच-सहा मुले असतात. सोल्डरिंग गन एकाच्या हाती, बहुधा मुलाच्या. वही दुसऱ्याच्या हाती, बहुधा मुलीच्या. प्रात्यक्षिकांच्या जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात कॉपी केलेली निरीक्षणे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. माझ्या वर्गात अशा मुली येतात, की ज्यांनी तीन वर्षे लॅबमध्ये जाऊन एकही वायर सोललेली नसते. गटाला गुण मिळाले, लॅबला उपस्थिती मिळाली. त्यांना काय मिळाले?

५. तुलना : होशंगाबाद आणि पाबळ

होशंगाबादच्या कार्यक्रमात सहावी ते आठवीची मुले गटाने प्रयोग करीत आणि निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत लिहीत. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर यांनी सुरू केलेला हा कार्यक्रम पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने सांभाळला. त्याचे बळ साहित्यात नव्हते, साहित्य अगदी साधे होते. बळ होते ते तीन व्यवस्थांत : किटमधील संपलेले सामान पुन्हा भरून देणे, शिक्षकांच्या नियमित मासिक बैठका, आणि परीक्षेत बदल. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवता येई आणि प्रयोगाचीही परीक्षा होई. परीक्षाच बदलली म्हणून वर्ग बदलला. २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. चांगल्या कृतिशिक्षणालाही शासकीय निर्णयापुढे किती कमी संरक्षण असते, हा त्यातला दुसरा धडा.

पाबळच्या विज्ञान आश्रमाने वेगळा मार्ग धरला. आठवी ते दहावीसाठी आठवड्यातील एक दिवस हातकामाचा, आणि केलेले काम गावाच्या उपयोगाचे. शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा, गृह-आरोग्य अशा विभागांतून मुले फिरतात. गावातील कोणाच्या घरी मुलांनी केलेली वायरिंग प्रदर्शनाच्या टेबलावरून उतरवून ठेवता येत नाही. ती चालावी लागते आणि बिघडली तर तक्रार येते. याच आश्रमात २००२ मध्ये, एमआयटीच्या बाहेरील सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक उभी राहिली. म्हणजे आधुनिक साहित्याला तिथे विरोध नव्हता. साहित्याच्या आधी गरज होती, एवढेच.

या तुलनेतून अटल लॅबची उणीव स्पष्ट होते. होशंगाबादला परीक्षेचा आधार होता, पाबळला गावाचा. अटल लॅबला दोन्ही नाहीत. तिला स्पर्धेचा आधार आहे, आणि स्पर्धा मोजक्यांसाठीच असते.

६. दुसरी बाजू

या टीकेवर एक गंभीर आक्षेप घेता येतो. सेमूर पॅपर्ट यांनी १९८० मध्ये 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात मांडलेला विचार असा, की मूल स्वतःला महत्त्वाची वाटणारी वस्तू घडवताना शिकते. आधी ओहमचा नियम आणि मग खेळ, हा क्रम त्याला विज्ञानापासून तोडतो. गाडी करणारा तो मुलगा बल्ब पेटवू शकला नाही हे खरे, पण गाडीमुळेच तो विज्ञान शाखेत आला. बल्ब आणि वायर घेऊन सुरुवात केली असती तर कदाचित आलाच नसता.

हा आक्षेप मला मान्य आहे. ज्या खेड्यातील मुलीने टीव्हीच्या मागची बाजूही पाहिलेली नाही, तिच्या हाती बोर्ड येणे ही लहान गोष्ट नाही. पण उत्सुकता ही सुरुवात असते, आणि सुरुवातीवर तीन वर्षे काढता येत नाहीत. गाडी चालल्यानंतरचा तास कुठे आहे? मोटर थेट पिनेला का जोडली नाही, मध्ये ड्रायव्हर का घातला, हे विचारणारा तास? पिन जेमतेम वीस मिलिअँपिअर सुखाने देऊ शकते आणि खेळण्यातली मोटरही त्याच्या कितीतरी पट मागते, हे त्या मुलाला गाडीनेच शिकवले असते. कोणीतरी विचारायला हवे होते.

७. निष्कर्ष

अटल टिंकरिंग लॅबने शाळेच्या इमारतीत एक खोली दिली, तिच्यात साहित्य दिले आणि मुलांच्या हातांना मान दिला. हे श्रेय तिचे आहे. मात्र कृती यशस्वी होणे म्हणजे शिकणे, असे मानून तिचे मोजमाप झाले, आणि शिक्षकाला प्रश्न विचारण्याचा वेळ, वस्तू मोडू देण्याची मुभा आणि प्रत्येक मुलीच्या हाती वायर जाईल अशी व्यवस्था मागे राहिली. नव्या पन्नास हजार लॅबसाठी माझ्या मते तीन गोष्टी पुरेशा आहेत : फ्यूज, एलईडी, रेझिस्टर अशा संपणाऱ्या सामानासाठी दरवर्षी हमखास रक्कम, प्रत्येक कृतीआधी अंदाज लिहिण्याची सक्ती, आणि मूल्यमापनात न चाललेला परिपथ शोधून दुरुस्त करण्याचे एक काम, प्रत्येकाने एकट्याने करायचे.

त्या मुलाने पुढे काय केले, ते सांगून हा पाठ संपवतो. दुसऱ्या आठवड्यात तो आपली जुनी गाडी घेऊन आला, तिच्या सगळ्या वायरी उपसल्या आणि प्रत्येक वायरीतून धारा कोणत्या दिशेने जाते ते वहीत काढू लागला. काम दोन प्रात्यक्षिके चालले. गाडी पुन्हा जोडल्यावर ती पूर्वीसारखीच चालली. फरक इतकाच, की आता ती बंद पडली असती तरी त्याला चालले असते.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या शाळेतील एखादी प्रात्यक्षिक कृती आठवा. चुकीची संकल्पना मनात असूनही ती यशस्वी झाली असती का? सकारण लिहा.
२. एलडीआरच्या परिपथात बेस जोडल्यावर विभवांतर का घटते, हे आठवीच्या विद्यार्थ्याला समजेल अशा भाषेत सांगा.
३. होशंगाबाद, पाबळ आणि अटल लॅब यांतील मूल्यमापनाच्या पद्धतींची तुलना करा.
४. 'आधी वस्तू, मग संकल्पना' की 'आधी संकल्पना, मग वस्तू'? तुमचे मत एका प्रत्यक्ष उदाहरणासह मांडा.